सात वाजता नेट जातं

३ नोव्हेंबर, सोमवार

नोटीस मिळाली! मला, माझ्याच घरात, माझ्याच भाडेकरू पोरींकडून, जेवता जेवता. खुशी म्हणाली, "काकू, राग नका मानू. पण घरात वाय-फाय नाही लागलं तर डिसेंबरात आम्ही तिघी मागच्या गल्लीतल्या नव्या होस्टेलमध्ये जातो." हिमानी ताटात पाहत होती. भूमिका पाणी पीत होती — रिकाम्या पेल्यातून!

त्यांचंही खरं आहे. मागचं ते हॉस्पिटल नऊ मजली झालं तेव्हापासून घरात मोबाइलला रेंज नाही. फक्त समोरच्या व्हरांड्यात येते. म्हणून संध्याकाळी सगळं घर तिथे. हिमानी पुण्याच्या कंपनीचं काम इथून करते, तिची मीटिंग कुंडीजवळच्या स्टुलावर. भूमिका बँकेच्या परीक्षेचा क्लास मोबाइलवर पाहते — सर अर्ध्या गणितात अडकतात, तोंड उघडं ठेवून. खुशी फिजिओथेरपी शिकते. ती गोंदियाला आईशी बोलते, म्हणजे भांडते. आणि मध्ये बसून मी भाजी निवडते. परवा मोठ्याने विचारलं, "मेथी जून आहे का गं?" तर हिमानीच्या मोबाइलमधून कोणी साहेब म्हणाले, "सॉरी मॅडम, आवाज कटला. परत सांगा."

खरंच जातील? हे गेले त्या वर्षी खोल्या रिकाम्या होत्या. तेव्हा मी टीव्हीवरच्या बातम्यांतल्या बाईला उत्तरं द्यायला लागले होते. नको ते. घेऊन टाकू नेट!

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, पायात बूट — बुटासकट हॉलमध्ये. "मॅडम, तीनशे एमबीपीएस देतो." मी विचारलं, "एखाद्या दिवशी तीनशे संपले नाहीत तर उरलेले दुसऱ्या दिवशी वापरता येतात का?" त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "येतात ना, मॅडम!" आतल्या खोलीत हिमानी उशीत तोंड खुपसून हसून राहिली होती.

सोबत चौदा ॲप फुकट. त्यातलं एक निव्वळ कोरियन मालिकांचं. खुशीला तो माणूस एकदम प्रामाणिक वाटला.

६ नोव्हेंबर

सकाळपासून कंपन्यांचे फोन. टायवाल्याने माझा नंबर साऱ्या नागपुरात वाटला की काय! दिवसभर व्हरांड्यात उभी. एक पोरगी म्हणाली, "हॅलो कुसुम, कशी आहेस?" कुसुम!! मला माझी सासूसुद्धा अहो-जाहो करायची, शेवटी शेवटी.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुर्गेश आला. आपल्या गल्लीतला केबलवाला. टीव्हीची केबल त्याचीच, आता तोही फायबर देतो म्हणे. चपला पायरीवर काढल्या, पायपुसण्यावर पाय पुसले, मग आत. "काकू, ते कंपनीवाले दिल्लीत बसून राहिले, मी कोपऱ्यावर बसून राहिलो. नेट गेलं का फक्त आवाज द्या."

शेजारचे बाबाराव कुंपणापलीकडून ऐकत होते. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, पण मत देण्यातून नाही. "त्याचं नका घेऊ, वहिनी. माझ्यावाली कंपनी घ्या. जुनी आहे. पळून जात नाही."

स्वयंपाकाला येणारी मनकर्णा पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाली, "येत बी नाही!"

९ नोव्हेंबर, रविवार

आज पोरींनी ठरवलं, की लोकांच्या घरी जाऊन स्पीड मोजायचा. मीही गेले, साडी बदलून. पहिले बाबारावांकडे. हिमानीने त्यांचं वाय-फाय जोडलं, मोबाइलवर काटा आला, आणि गोल गोल फिरायला लागला. बाबाराव म्हणाले, "तोवर चिवडा घ्या." चिवडा झाला. "तोवर चहा घ्या." चहा झाला. काटा जागच्या जागी. शेवटी बाबाराव मोबाइलवर वाकून म्हणाले, "तुमचा हँडसेट जुना असन."

हँडसेट मागच्या महिन्यात घेतलेला!

परत येताना फाटकातच आम्ही चौघी हसत सुटलो. भूमिकाला उचकी लागली ती जेवणापर्यंत थांबली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जेवणानंतर मतदान. खुशी — टायवाला, कोरियन मालिकांसाठी. हिमानी — दुसरीच एक कंपनी, त्यांचं वर जाणारं नेटही खाली येणाऱ्याइतकंच जोरात असतं म्हणाली. नेट वर कुठे जातं, ते मी विचारलं नाही. भूमिका — "काकू, सरांचं तोंड मिटलं पाहिजे, बस. कोणीही द्या."

मनकर्णा दाराशी पदराला हात पुसत उभी होती. तिला विचारलं. "मले काय समजते, बाई? पण तो दुर्गेश पाय पुसून आत येते. पाय पुसणारा मानूस वायर बी नीट लावन."

इतक्या दिवसांत इतकं पटण्यासारखं कोणी बोललं नव्हतं. दुर्गेश!

१५ नोव्हेंबर, शनिवार

लागलं! पेरूच्या झाडावरून वायर आली, भिंतीला भोक पडलं, हॉलमध्ये सोफ्यामागे पांढरी डबी बसली. निळे दिवे लुकलुकतात. सोफ्यामागेच खाली तिचं बटण.

मग जो काय आरडाओरडा! भूमिका — "सर बोलून राहिले, न थांबता!" हिमानी मीटिंगमधून पळत बाहेर आली — "काकू, सगळ्यांचे चेहरे साफ दिसले! साहेबांना टक्कल आहे!" दोन वर्षं नोकरी करते बिचारी. खुशीने मला मिठीच मारली. होस्टेलचं नाव कोणी काढलं नाही.

दुर्गेश फुलून गेला होता. जाताना म्हणाला, "काकू, अख्ख्या रामदासपेठेत सांगा आता."

१६ नोव्हेंबर

संध्याकाळी व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलायला बसले. एकटीच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

खुशीने व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आहे. "काकू, जेवण झालं की हाका नका मारू, मेसेज टाका." आज टाकला — "या." तीन अंगठे आले. माणूस एकही नाही. तुरीच्या दाण्यांचा सोलेभात थंड झाला. तिघी आपापल्या खोलीत, दारं लावून, कानात बोंडं. मनकर्णा जाताना विचारते, "बाई, पोरी हायेत का गेल्या?"

होस्टेलमध्ये जाऊ नयेत म्हणून नेट घेतलं, आणि आता माझंच घर होस्टेल झालं. पैसे भरून!

२२ नोव्हेंबर, शनिवार

गंमत झाली. संध्याकाळी सात वाजता सोफ्यामागे झाडू घातला, तर बटणाला लागला. शपथेवर — झाडूच! निळे दिवे गेले. मला बराच वेळ समजलंच नाही. धडाधड तीन दारं उघडली. "काकू, नेट गेलं!" सवयीने तिघी व्हरांड्यात धावल्या, रेंज शोधायला. मी मागून शेंगांनी भरलेलं सूप घेऊन गेले.

जेवणापर्यंत बसल्या! खुशीने तिच्या वॉर्डातल्या एका आजोबांची नक्कल केली. ते व्यायाम करत नाहीत, तिलाच करायला लावतात आणि खाटेवरून आकडे मोजतात. मी डोळे पुसून पुसून हसले. "दुर्गेशला मी सांगते," म्हटलं. त्या झोपायला गेल्यावर बटण लावून दिलं.

२४ नोव्हेंबर

आज झाडू नव्हता. आज मीच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुर्गेशला सकाळी बोलावलं — सकाळी, म्हणजे नेट चालू असताना. त्याने डबी पाहिली, वायर पाहिली, झाडावर चढून आला. "काकू, सगळं तर बराबर आहे. संध्याकाळी सात वाजताच काहून जाते?" मी पेरूकडे पाहिलं. तो म्हणाला, "माकडं असतीन."

"माकडंच!" मी म्हटलं. फार लवकर म्हटलं.

बिचाऱ्याने अख्खी वायर नवी टाकली. मी त्याला पोहे दिले, वर चहा, वर बेसनाचा लाडू. लाडू देताना त्याच्या तोंडाकडे पाहवेना.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सात वाजता नेट "गेलं". शेंगा सोलता सोलता भूमिका एकदम थांबली. म्हणाली, "काकू, माझा निकाल लागला. मागच्याच आठवड्यात. नाही झालं." घरी, यवतमाळला, सांगितलंच नाही. बाबांनी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं आहे म्हणे, पोरगी बँकेत लागली! मग रडली. खुशीने तिला जवळ घेतलं. हिमानीने तिच्या वाटच्या शेंगा आपल्यापुढे ओढल्या. मी पाठीवर हात ठेवून बसले. जेवणाआधी तिने व्हरांड्यातूनच बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "मग काय झालं, पुन्हा दे. शेजाऱ्यांचं मी पाहतो."

आठवडाभर ती दाराआड एकटी काय करत होती, देव जाणे. आज मला बटणाची लाज वाटत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आता पंचाईत. हिमानी म्हणाली, "काकू, रोज सातला जातं. दुर्गेश बदलू. त्या दुसऱ्या कंपनीला बोलावते." ते दुर्गेशच्या कानावर गेलं — बाबारावांनी घातलं, आणखी कोण! दुपारीच तो दारात उभा. पाय पुसायचेही विसरला. "काकू, माझ्या इज्जतीचा सवाल आहे. आज मी सहापासून इथंच बसतो. पाहतोच, कसं जाते."

आणि बसला! सोफ्यावर, बटणाच्या डोक्यावर! सात वाजले. तो दिव्यांकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. साडेसात. आठ. नेट असं चाललं, असं चाललं, की पोरी जेवायलाही तिसऱ्यांदा हाक मारल्यावर आल्या.

उठताना म्हणाला, "काकू, एक विचारू? कोणी बटण तर बंद करत नाही ना?"

"काहून करन गा कोणी?" माझा आवाज एवढा वर गेला की बाबारावांच्या घरचा दिवा लागला.

५ डिसेंबर, शुक्रवार

झोप नाही. त्या माणसाचा धंदा आहे, चार घरं त्याने स्वतःच्या शब्दावर जोडली आणि मी त्याला माकडांच्या मागे लावलं. बस झालं. पोरींना सांगितलं, "दुर्गेशच राहू द्या. चांगला आहे." हिमानीने खुशीकडे पाहिलं. खुशी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, काकू." भांडली नाही! खुशी!

बटणाला आता हात लावणार नाही. पोरी खोलीत सुखात आहेत, तर राहोत. शेंगा काय, एकटीनेही सोलता येतात.

रविवारी पारशिवनीला जायचं आहे, बहिणीच्या नातवाचं बारसं. सकाळी निघून संध्याकाळी परत. मनकर्णाला सुट्टी दिली. पोरींना म्हटलं, बाहेरून काही मागवा.

७ डिसेंबर, रविवार

यायला आठ झाले. फाटकातूनच दिसलं — व्हरांड्यात दिवा, तिघी चटईवर, मध्ये सूप. अर्ध्या शेंगा सोलून झालेल्या, भूमिकाची बोटं हिरवी.

"नेट गेलं, काकू," खुशी म्हणाली. "सात वाजता."

चपला काढून आत गेले. सोफ्यामागे वाकून पाहिलं. बटण बंद.

मी तर सकाळपासून पारशिवनीत!