वरच्या आळीचं पाणी आणि माझी कमान

३ जानेवारी

आजपासून रोज लिहिणार. कोणी वाचावं म्हणून नाही. उद्या जिल्ह्याला गेल्यावर जुन्या गोष्टी आठवायला हाताशी काहीतरी हवं, एवढंच.

जाणार म्हणजे जाणारच. जिल्ह्यात उपप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे, आणि महिनाअखेरीस आमच्या गावच्या अहवाल बैठकीला खुद्द जिल्हाप्रमुख येर्केगाली साहेब येणार आहेत. ते उगाच कुणाच्या गावी थंडीत येत नाहीत.

अहवाल बैठक म्हणजे एक ताप आहे. दर वर्षी अकीमने, म्हणजे गावप्रमुख म्हणून मी, गावापुढे उभं राहायचं, काय केलं, पैसा कुठे गेला ते सांगायचं, आणि लोकांनी प्रश्न विचारायचे. गावाचा कारभार मी बघतो, त्यातलं यांना काय कळतं? गेल्या वर्षी ऐन प्रश्नांच्या वेळी वीज गेली आणि बैठक आटोपली. वीज मी घालवली असं काही लोक म्हणतात. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

संकल्प: शांत राहणे. पोट कमी करणे. नवा सूट.

९ जानेवारी

स्लाइड्स तयार. पहिली स्लाइड: गावच्या वेशीवरची कमान. दुसरी: तीच कमान, दुसऱ्या बाजूने. तिसरी: कमानीवरचा गरुड, जवळून. काय देखणी दिसते! बसवाले थांबून फोटो काढतात.

काही नतद्रष्ट म्हणतात की कमान वरच्या आळीच्या पाण्याच्या पाइपांची केली. केली! लपवतोय कोण? पाइप आले, खोदणारा ठेकेदार पळाला, लोखंड माझ्या डोळ्यांदेखत गंजत पडलं. मला वाया गेलेलं बघवत नाही. शिवाय पाणी जमिनीखालून जातं, ते साहेबांना गाडीतून दिसणार आहे का?

चौथी स्लाइड वरच्या आळीचा नळ. उद्घाटनाचा फोटो आहे. नळातून पाणी पडतंय, मी हसतोय. भिंतीमागे पिंप ठेवलं होतं आणि त्यातून नळी जोडली होती, पण फोटोत भिंत छान आलीय.

मनशुकला दाखवल्या. बायको असून कौतुकाचा एक शब्द नाही. तिची आई वरच्या आळीत राहते ना. म्हणाली, या फोटोखाली आईने किटली धरली तर भरेल का? मी पहिल्या स्लाइडवर परत गेलो. संकल्पात शांत राहणे आहे.

१५ जानेवारी

सुचलं! आंघोळ करताना सुचलं.

बैठक आधी आणि जेवण नंतर, हीच सगळ्यांची चूक. उपाशी माणूस प्रश्न विचारतो. मी आधी जेवण ठेवणार. मेंढा, घोड्याच्या मांसाची काझी, परातभर मांसाचं बेशबरमाक, तळलेल्या बाउरसाकांच्या राशी, चहा पुरेपूर. आमच्यात खाल्ल्या मिठाला जागतात. ज्याच्या हातचं खाल्लं, त्याला त्याच्याच चटईवर बसून कोण जाब विचारणार? कझाक माणूस नाही विचारणार. मेला तरी नाही.

मनशुकने विचारलं, मेंढा कुणाच्या खर्चाने? म्हटलं, सत्कार या सदरात बसेल. तिने भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

२० जानेवारी

तोक्सान आजोबा पुन्हा ऑफिसात. वरच्या आळीतला सगळ्यात म्हातारा माणूस. बर्फ तुडवत काठी टेकत येतात, खुर्चीवर बसतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि तेच विचारतात. पाणी कधी?

मी समजावलं की काम प्रक्रियेत आहे. म्हणाले, बाळ, माझं मरणही प्रक्रियेत आहे, बघू आधी काय येतं.

मग त्यांना जेवणाचं आमंत्रण दिलं. मोठं मन ठेवलं की माणसं आपोआप गप्प होतात. आजोबा येतो म्हणाले.

२६ जानेवारी

सूट आला. बटण लागत नाही, पण श्वास धरला की लागतं.

आज कोण कुठे बसणार ते ठरवलं. हे काम येरागबाळ्याचं नाही. मेंढ्याचं उकडलेलं डोकं ज्याच्यापुढे ठेवायचं, त्या पंगतीचा मान त्याचा. जेवणानंतर हात पसरून बाता देतात, म्हणजे आशीर्वाद, तोही त्याचाच किंवा तो सांगेल त्याचा. डोकं येर्केगाली साहेबांपुढे. साहेब बाता देण्याचा मान माझ्या सुलेमेन काकांना देतील, तसं मी साहेबांच्या ड्रायव्हरमार्फत कळवलंय. काकांची बाता दोन ओळींची असते. 'सुखी राहा, पोटभर खा, आमीन.' मग स्लाइड्स. मग टाळ्या. मग जिल्हा.

तोक्सान आजोबांना दाराजवळ बसवायचं. तिथे वारा लागतो, लवकर उठतील.

मनशुक म्हणाली, आई जेवायला येणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, पाणी कोण आणणार? सासूबाई पहिल्यापासून हट्टी.

३० जानेवारी, संध्याकाळ

लिहायला बसलोय खरा.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. साहेब आले, कमानीखाली थांबून वर बघितलं. मी म्हटलं, गरुड. ते म्हणाले, दिसतोय. पंगत बसली. शाळेचा हॉल भरला, लोक जेवत होते, कुणी अवाक्षर बोलत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की सूटचं बटण सोडलं.

मग मी दोन्ही हातांनी डोकं नेऊन साहेबांपुढे ठेवलं. आणि साहेबांनी दोन्ही हात मागे घेतले.

म्हणाले, माझे वडील हयात आहेत.

आता काय सांगू! वडील जिवंत असलेला माणूस डोक्याला हात लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण साहेब साठीचे! डोक्यावर एक केस नाही! त्यांचे वडील हयात असतील असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? नव्वदीचे आहेत म्हणे, अजून घोड्यावर बसतात. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. साहेब मात्र सभ्य. त्यांनी परात उचलली आणि विचारलं, इथे सगळ्यात वडील कोण?

मी 'सुलेमेन काका' म्हणायला तोंड उघडलं, तोवर काकांनीच दाराकडे बोट दाखवलं. माझा स्वतःचा काका! डोकं दाराजवळ गेलं. मग आजोबांनाच उचलून मधे आणलं, उशी दिली. आजोबांनी सावकाश कान कापून पोरांना दिले, डोळा एका बाईला दिला, जिभेचा तुकडा मला पाठवला. म्हणाले, बोलायला उपयोगी पडेल.

मग बाता. सगळ्यांनी हात पसरले. मीही पसरले. बाता चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, हात खाली घ्यायचे नाहीत. आणि बातामध्ये वाईट बोलत नाहीत, त्यामुळे म्हटलं, बोलून बोलून काय बोलतील. आजोबांनी डोळे मिटले.

"देवा, या घरचं अन्न वाढू दे. अकीमसाहेबांची कमान उभी राहो, आणि तिच्यातले पाइप वसंतात आपापल्या घरी सुखरूप पोचोत. आमीन."

सगळा हॉल, आमीन.

"आमच्या आळीतला जो नळ फोटोच्या दिवशी वाहिला, तो फोटो नसतानाही वाहो. आमीन."

आमीन.

"ज्या बायका नदीवरून बर्फातनं पाणी ओढतात, त्यांचे गुडघे शाबूत राहोत. ज्या पैशाचं पाणी व्हायचं होतं, त्याचं पाणीच होवो. आमीन."

आमीन. आता आवाज वाढला होता. बायकांच्या बाजूने जास्त.

"आणि आमच्या दुइसेनला देवा खूप मोठं कर. पण वरच्या आळीला पाणी येईपर्यंत त्याला आमच्यापासून दूर नेऊ नकोस. आमीन."

दुइसेन म्हणजे मी. आणि सवयीचा गुलाम! माझं आमीन सगळ्यांत मोठ्याने निघालं.

साहेबांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मला म्हणाले, आमीन मीही म्हटलंय, दुइसेन, आता मोकळं नाही होता येणार. नळ कुठाय?

स्लाइड्स राहिल्या. सगळं गाव चढ चढून वर निघालं, मी पुढे, साहेब माझ्या मागे. गोठलेल्या नळाला हात लावला तर हातच चिकटला. साहेब भिंतीमागे गेले. पिंप अजून तिथेच होतं. झाकण उघडलं तर आत कुणीतरी कोबी आंबवायला घातलेला.

साहेबांनी एक फोड खाऊन बघितली. म्हणाले, छान लागलाय.

उतरताना चढावर एक म्हातारी दुधाच्या दोन कॅनमध्ये पाणी भरून स्लेज ओढत येत होती. चार पावलं, थांबायचं, पुन्हा चार पावलं. साहेबांनी विचारलं, या कोण?

"यांच्या सासूबाई," मनशुक मागून म्हणाली. "माझी आई."

साहेब दोरी धरायला वाकले. साहेबांना कसं धरू देणार? मग मीच धरली. सूट काखेत उसवला. सासूबाई घरापर्यंत शेजारून चालत होत्या. फक्त एकदा म्हणाल्या, हळू, सांडेल.

३१ जानेवारी

साहेबांनी लिहून काहीच दिलेलं नाही. म्हणजे नाराजी नाही. उलट वसंतात पुन्हा येतो म्हणाले. मला शुभ वाटतंय.

पाठ धरलीय.

२३ मार्च

नौरोजचा, नव्या वर्षाचा सण झाला. लोक येऊन गळाभेट घेतात आणि कानात म्हणतात, आमीन. सगळं गाव वात्रट झालंय. मनशुकही चहा देताना म्हणाली.

संकल्प: विनोदाकडे दुर्लक्ष करणे.

१४ एप्रिल

बर्फ सुटून जमीन मऊ झाली. कमान उतरवली. मी स्वतः हजर होतो, कारण गरुड जपून काढायचा होता. तो आता आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, कोंबड्या बाहेर यायला घाबरतात.

उद्यापासून आसार. सगळं गाव फुकटात चर खोदणार. मी उद्घाटनाचं एक फावडं मारून ऑफिसात जाणार आहे, टिपणं तयार आहेत.

१५ एप्रिल

आसारला फावडं हातात घेतलं की जेवणापर्यंत ठेवायचं नसतं. तोक्सान आजोबा चरावर खुर्ची टाकून बसले होते आणि मी थांबलो की टोपी काढून सलाम करायचे. टिपणं खिशातच भिजली.

हाताला फोड. आज एवढंच.

२८ एप्रिल

जिल्ह्यातून फोन! बढती!

म्हणजे उपप्रमुखाची खुर्ची दुसऱ्या कुणालातरी मिळाली. आणि आमच्या गावी नवीन अकीम येतोय. पण मला स्वतंत्र कार्यभार दिलाय. वरच्या आळीची पाणीपुरवठा योजना, संपूर्ण जबाबदारी. पंप चालू करणे, बंद करणे, गळती बघणे, पाण्याची नासाडी रोखणे. तक्रार आली की माणसं थेट माझ्या दारात येणार, मधे कुणी नाही. इतके थेट अधिकार जिल्ह्यात कुणाला आहेत?

मनशुकला सांगितलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो.

५ मे

पाणी आलं.

भाषण तयार होतं, पण कुणी मागितलं नाही. आजोबांनी नळाखाली हात धरला, तोंडावरून फिरवला आणि घरी गेले. मला वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं त्यांनी.

मग पाणीपुरवठा अधिकारी म्हणून सासूबाईंच्या घरची जोडणी तपासायला गेलो. म्हणाल्या, या जावईबापू, चहा टाकते. घरातल्या नळाची चावी फिरवली, किटली भरली. किटली भरली तरी चावी बंद करेनात. पाणी वाहतंय आणि त्या नुसत्या हात धरून उभ्या. मनशुकने तोंड खिडकीकडे केलं.

नासाडी रोखणं हे माझं काम आहे. नेमणुकीत स्पष्ट लिहिलंय. बोलायला तोंड उघडलंही होतं.

नाही बोललो. चहाला फार उशीर झाला, पण बसून राहिलो.