उरलेली थरथर

प्रिय नवरोबा,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, फार हुरळून जाऊ नकोस. अबोला तुझा आहे, माझा नाही, म्हणून लिहितेय. परवा सगळ्या टीमसमोर मी तुझी एक चूक दाखवली, तर मला खुसपटं काढायची हौसच आहे म्हणालास, ते अजून सलतंय. पण आज चाचणीला तू आपल्या यंत्राच्या त्या लोखंडी हाताखाली उभा राहणार आहेस, आणि ते मी होऊ देणार नाहीये.

तीन तिरक्या दिशांतून एकमेकींशी काटकोनातल्या तीन दिशा कशा काढायच्या, हे कॉलेजात तूच मला शिकवलंस, आठवतं? वर्गाच्या कोपऱ्यात उभं करून, दोन भिंती आणि जमीन दाखवत. पहिला व्हेक्टर, म्हणजे दिशा दाखवणारा बाण, आहे तसा ठेवायचा. दुसऱ्यातून पहिल्याच्या दिशेचा भाग वजा करायचा, तिसऱ्यातून दोघांचा. उरेल ते काटकोनात. मग प्रत्येकाला त्याच्याच लांबीनं भागायचं, की सगळे एका मापाचे. तू खडूनं हात पांढरे करून सांगत होतास आणि मी गणित सोडून तुझ्याकडेच बघत होते, मेल्या. पुढे कुठे, बाजूला कुठे आणि वर कुठे, हे यंत्रालाही तू याच रीतीनं शिकवलंस, तीन सेन्सरवरून. रीत चोख आहे. चूक तुझी नाहीच.

पण काल यंत्रावर ट्रॉली आदळली ना, तेव्हा तिसऱ्या सेन्सरची पट्टी वाकली. तो आता जवळजवळ पहिल्या दोघांच्याच प्रतलात कलंडलाय. त्या दोघांचं वजा केलं की त्याचं स्वतःचं असं काही उरतच नाही, नुसती आकड्यांची थरथर. आणि त्या चिमूटभर थरथरीला तिच्याच लांबीनं भागलं की ती ऐटीत एक होऊन बसते! म्हणून तुझ्या तपासणीत डॉट प्रॉडक्ट शून्य म्हणजे काटकोन पक्का, लांबी एक, सगळं कसं गोड दिसतं. मी मात्र तेच गणित पुन्हापुन्हा चालवून बघितलं. 'वर' कधी वर येतं, कधी चक्क खाली. अरे, उचल म्हटल्यावर तो हात खाली आला तर? खाली तू आहेस रे, वेड्या!

साहेबांना सांगितलं असतं, पण पुन्हा सगळ्यांसमोर तुझा पडलेला चेहरा मला बघवला नसता. नुसती चिठ्ठी ठेवली असती, तर माझं अक्षर दिसताच तू ती न वाचता खिशात कोंबली असतीस. म्हणून यंत्राची एकुलती एक किल्ली काढून पर्समध्ये टाकलीय आणि तिच्या जागी हे पत्र अडकवलंय. मी वरच्या मजल्यावर आहे. किल्ली हवी असेल तर ये आणि माग. तोंडानं.

तुझीच,
खुसपटवाली