गरीला लागलेला खरा मासा

अण्णा, खाडीवर, समुद्रावर, नदीच्या काठावर गरी टाकून तासन् तास उभे राहणारे जे आपण सगळे, त्या सगळ्यांच्या वतीने मी आज तुमच्यापुढे एक तक्रार मांडतो. घरचं माणूस आपल्या माशाला कधी चांगलं म्हणत नाही. तुम्ही मिठागराच्या उघाडीवर, भरतीचं पाणी घेणाऱ्या झडपेपाशी, चार चार तास भिजून जिताडा आणायचात, आणि आई त्याचे कल्ले उचलून बघायची आणि म्हणायची, "कोळणीकडचा बरा असतो." मी दहा-बारा वर्षांचा असेन. तुमचा चेहरा बघून मला इतका राग यायचा की मी तिच्याशी दिवसभर बोलायचो नाही. तुम्ही मात्र खाली मान घालून ताटातला भात कालवायचात. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तोही इथे, आयर्लंडमध्ये, आईच्याच तोंडून. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. तुमच्याशी भांडायची संधी आता कागदावरच उरली आहे.

आज अकरा जून आहे. पंधरा तारखेपर्यंत इथे बास धरायला बंदी आहे. बास म्हणजे आपल्या जिताड्याचा गोरा चुलतभाऊ. अंड्यांचा काळ म्हणून महिनाभर त्याला हात लावायचा नाही, एरवीही बेचाळीस सेंटिमीटरहून लहान घरी न्यायचा नाही, दिवसाला दोनच न्यायचे. हे नियम मला पटतात. भाडेकरूंच्या सभांमधून मी गेली सहा वर्षं ओरडतो आहे की कायदा दुबळ्याच्या बाजूने असला पाहिजे, आणि पाण्यातला मासा सगळ्यात दुबळा. पण आज सकाळपासून मी तीन वेळा स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो, दोन वेळा रीलचा दोरा उलगडून पुन्हा गुंडाळला, आणि बायको म्हणाली, "तू बस तरी नाहीतर बाहेर तरी जा, ये-जा नको." म्हणून बसलो आहे. हा कागद त्यासाठीच.

आई माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती तीन महिन्यांसाठी आली. मार्चमध्ये साथीमुळे सगळं बंद झालं, विमानंही. सुरुवातीला ती डब्लिनजवळ ॲडम्सटाउनच्या आमच्या घरात मजेत होती, नातीला शुभंकरोति शिकवत होती. नात सगळं ऐकून घेऊन म्हणायची, "इट्स ग्रँड, आजी," आणि पळायची. मग मे महिन्यात आपल्या शेजारच्या काकू गेल्याचा फोन आला आणि आईचं जेवण सुटलं. दोन घास भात, ताक, बस. कपडे खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर फोनवरच तपासायचे, ते म्हणाले वजन असं उतरलं तर दाखल करावं लागेल. मी विचारलं, काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, "मासा." मी सुपरमार्केटमधून सामन आणला, गुलाबी, चौकोनी, काटे काढलेला. तिने बोट लावून बघितलं. "हा मासा आहे की लक्स साबण? डोकं कुठे याचं?" मी म्हटलं, इथे असंच मिळतं. ती म्हणाली, "तुझे अण्णा असते तर आतापर्यंत समुद्रावर गेले असते." तुमचं नाव असं काढल्यावर मी काय करणार? जूनच्या शेवटी देशभर फिरायला परवानगी मिळाली आणि मी रॉड विकत घेतला.

आणि आमिष म्हणून गरीला लावायचे रबरी मासे. इथून खरं भांडण सुरू होतं. बारा वर्षांचा असताना मी एकदा कोळंबी संपली म्हणून दुधाच्या पिशवीची पट्टी कापून गरीला लावली होती. पाण्यात ती झकास हलत होती. तुम्ही दोरा ओढून घेतलात, पट्टी सोडवलीत आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली दिलीत. "त्याला भूक लागलीय आणि तू त्याला पिशवी दाखवतोस? देऊन घ्यावं माणसाने. मारायचा तर मार, पण फसवू नकोस." मीठ खात्यातले तुम्ही कारकून, पण त्या दिवशी जे बोललात ते मी पुढे वीस भाषणांत वापरलं. पुढाऱ्यांना उद्देशून, बिल्डरांना उद्देशून. दरवेळी टाळ्या आल्या. आणि आता वेक्सफर्डच्या वाळूवर उभा राहून मी बोटभर रबराच्या तुकड्याला डोळे आहेत का ते तपासत होतो.

तिथे एक म्हातारा भेटला, निवृत्त पोस्टमन. दोन मीटर अंतर ठेवून तासभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "चर्चला उशीर झाल्यासारखा ओढतोयस तू. मासाच तुला म्हणेल, जरा थांब की लेका." त्याने मला शिकवलं. पाणी काचेसारखं असेल तर बारीक, निमुळता, अर्धपारदर्शक मासा लावायचा, वाळूत राहणाऱ्या किरकोळ माशासारखा, आणि तो जेमतेम हलवायचा. पावसाने किंवा वाऱ्याने पाणी गढूळ झालं की रुंद शेपटीचा, पांढराफेक किंवा काळा, कारण तेव्हा बास डोळ्यांनी कमी आणि अंगाला लागणाऱ्या थरथरीने जास्त शोधतो. शेवाळ असेल तर गरीचं टोक त्याच रबराच्या पोटात लपवायचं. वारा समोरून असेल तर गरीवरचं शिशाचं डोकं जड हवं. वारा पडला की वजन काढून टाकायचं आणि नुसतं लाटेच्या मर्जीवर सोडायचं. "आणि मग?" मी विचारलं. "मग काही नाही. काही न करणं हेच अवघड आहे." मला ते जमेना. बोलताना मी कधी विराम घेतला नाही, तर ओढताना कुठून घेणार? मी पुस्तकं वाचली, भरतीची कोष्टकं पाठ केली. आमचा जुना सात वाट्यांचा मिसळणाचा डबा घेतला आणि रंगवार, आकारवार रबरी मासे त्यात मांडले. दोन जातींचं रबर एका वाटीत ठेवायचं नसतं हे पुस्तकात नव्हतं. आठवड्यात त्यांचा चिकट लगदा झाला. आईने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "गोडा मसाला नासला वाटतं तुझा." त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

पाच शनिवार मी रिकामा आलो. दर शनिवारी ती सकाळी खोबरं वाटून ठेवायची, मी आलो की माझ्या हाताकडे बघायची, आणि वाटण डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. मग अंडं खायची, अर्धं. सहाव्या शनिवारी परत येताना मी गाडी दुकानाकडे वळवली. फिश काउंटरवर बर्फात बास मांडलेले होते, शेतातल्या तळ्यात वाढवतात तसे पिंजऱ्यात वाढवलेले, परदेशातून आलेले. मी म्हटलं, साफ करू नका, तसाच द्या. घराबाहेर गाडीत बसून त्याचं लेबल काढलं आणि समुद्रावर नेलेल्या पिशवीत टाकला. मी, ज्याने आयुष्यभर खोट्याला खोटं म्हटलं. आईने मासा हातात घेतला. कल्ले उचलले. पोट चिरलं, आत थोडा वेळ बघितलं. मग आमसूल भिजत घातलं. त्या दुपारी ती दोन वेळा भात मागून जेवली आणि म्हणाली, "छान लागला हो. कोळणीच्यापेक्षा छान." अण्णा, जे तुम्हाला उभ्या आयुष्यात मिळालं नाही ते मला मिळालं आणि मी माझी तुकडी तिच्या ताटात सरकवली. तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या वेळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. माझ्यापुढे माशाचं पोट उघडून धरलं. आत तुपासारखी पांढरी चरबी होती. "समुद्रात धावणाऱ्याच्या पोटात एवढं तूप साठतं का रे? आणि शेपटी बघ, भिंतीला घासून झिजलीय. घाबरतोस कशाला? तुझे अण्णासुद्धा हेच करायचे. कोळीणच मला सांगायची, वैनी, आज साहेबांनी माझ्याकडनं जिताडा नेला, मला म्हणाले घरात बोलू नको. म्हणून तर मी म्हणायचे, कोळणीकडचा बरा." आणि ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस त्यांना?" "काय बोलायचं? चार तास पाण्यात उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने आला तर जेवत नाही. जेवायला घालायचं होतं ना मला."

तेव्हा मला तुमचा राग आला, अण्णा. अजूनही येतो. फसवू नकोस म्हणून मला मारलंत, आणि स्वतः? पण त्याच क्षणी तिने भाव केला, आणि तुमचा हिशेब बाजूला पडला. ती म्हणाली, "हे दुकानातलं बंद कर. मी जेवीन, रोज जेवीन, तुझ्या डॉक्टरला सांग. पण तू खरा मासा आण एक. तो खाल्ला की मला घरी पोचव. माझं घर बंद पडलंय. पावसाळ्यात भिंती फुगल्या असतील." मी हो म्हटलं. आणि ती जेवायला लागली, खरोखर. सहा आठवड्यांत तिच्या बांगड्या पुन्हा मनगटावर थांबायला लागल्या.

त्यानंतरचं सगळं तुम्हाला एका दमात सांगतो. सप्टेंबरच्या मध्यात डब्लिन जिल्ह्याबाहेर जायला बंदी आली, मग पाच किलोमीटरची मर्यादा, मग हिवाळा. आई वाट बघत जेवत राहिली. या वर्षी एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली तेव्हा तीच म्हणाली, आत्ता नको. मेमध्ये जिल्ह्याबाहेर पडता आलं, पण पहिला शनिवार उजाडला तोच बंद हंगामाचा पहिला दिवस होता. आता तिच्या दोन्ही लसी झाल्यात. तिकडची लाट ओसरते आहे. शेजाऱ्यांनी घर उघडून हवा खेळवली आहे. परवा तिने कॅलेंडरवर सोळा तारखेला गोल केला आणि मला म्हणाली, "बुधवार आहे. रजा टाक." मी टाकली आहे.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते. गेल्या सप्टेंबरचा बारा तारखेचा शनिवार. दोन दिवस दक्षिणेचा वारा होता, पाणी चहाच्या रंगाचं. मी रुंद शेपटीचा पांढरा मासा लावला, जड डोक्यावर, आणि त्या दिवशी का कोण जाणे, हात थांबला. रबर तळाला टेकू दिलं. थांबलो. एक हलका ओढा दिला, पुन्हा थांबलो. आणि कोणीतरी दार ठोठावल्यासारखा धक्का बसला. वाळूवर घेतला तेव्हा मोजला, दोनदा. चोपन्न सेंटिमीटर. पोट घट्ट, पाठीवरचे काटे ताठ, अंगावर रुप्याचा उजेड. मी गुडघाभर पाण्यात बसलो आणि त्याला लाटेकडे तोंड करून धरलं. डोक्यात एकच चित्र होतं: तुमच्या शेवटच्या रात्री मी पुण्यात व्यासपीठावर होतो, आणि तुम्हाला दवाखान्यात न्यायला तिने एकटीने दारोदार जाऊन गाडी शोधली होती. त्याच घरात ती परत एकटी जाणार, ती या एका माशाच्या पायी. पोस्टमन लांबून ओरडला, "आज मेजवानी आहे तर!" मी ओरडलो, "लहान आहे." आणि बोटं उघडली. घरी आलो तेव्हा वाटण तयार होतं. ती म्हणाली, "लागला?" मी म्हणालो, "नाही गं. पाणी खराब होतं." तिने वाटण उचलून ठेवलं आणि माझीच समजूत घातली. "असू दे रे. पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी रस्ते बंद होते. मला, अण्णा, बरं वाटलं होतं.

तुम्ही दुकानातला मासा गरीचा म्हणून आणलात तो तिला खूश करायला. मी गरीचा मासा पाण्यात सोडून लागला नाही म्हटलं, ते तिला अडकवून ठेवायला. माणसाच्या येण्याजाण्याच्या हक्कावर मी या देशात किती बोललो असेन, आणि माझ्या घरात एक बाई माझ्या शब्दावर विश्वास ठेवून नऊ महिने थांबली आहे. ती उद्या विचारेल तर मी सांगू शकेन का, मला माहीत नाही. माझी जीभ सभेत चालते, स्वयंपाकघरात नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही. पितर, आत्मा, कावळा, यातलं काही मी मानत नाही, हे मी भर चौकात सांगितलं आहे, आणि अजून तेच म्हणतो. तरीही मागतो आहे, तेवढा कबुलीजबाब तुमच्यापाशी राहू द्या. बुधवारी मासा लागेल. मला आता ओढता येतं, लागेल. मी पाण्यात बसेन, त्याला लाटेकडे वळवेन, बोटं सैल होतील. त्या क्षणी माझं मनगट धरा, अण्णा, आणि सोडू देऊ नका.