चौदा ऑक्टोबरचे इंग्रज

मंगळवार, ३ ऑक्टोबर २०२३

संचालक धीरज सर नऊ दिवस लंडनला राहून आले आणि आमच्या शाळेचं हवामान बदललं. त्यांच्या खोलीत आता चहा नाही, ‘टी’ असतो. तोच, तितकाच गोड. आणि दर शनिवारी प्रार्थनेनंतर नवा कार्यक्रम — ‘आजचा ब्रिटन’. त्या तारखेला ब्रिटनच्या इतिहासात काय काय घडलं, ते मुलांनी करून दाखवायचं. वर्ध्यात. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत भाजून निघणाऱ्या पोरांनी.

पहिली पाळी माझी, इतिहासाची बाई म्हणून. शनिवार, चौदा ऑक्टोबर. “तुमच्या कायम नेमणुकीचं याच महिन्यात बघू,” असंही सर जाता जाता म्हणाले. म्हणजे मला नीट ऐकू येईल असं.

चौदा ऑक्टोबर म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. नागपूर, १९५६. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तो दिवस. आमचे आबा, माझे आजोबा, तेव्हा अकरा वर्षांचे, गिरडहून बापाच्या बैलगाडीत बसून गेलते. या शाळेत हे कुणालाच माहीत नाही. आडनाव विचारलं की मी वडिलांचं नाव सांगते. खोली घेताना घरमालकीण अन्नपूर्णाबाईंनी विचारलं होतं, “आपल्यातलेच ना?” मी “हो” म्हणाले. कुणातले, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

यादी काढली. १०६६ — हेस्टिंग्जची लढाई, फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांपुढे इंग्रज हरले, राजा हॅरल्ड ठार. १३२२ — स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसनं हरवलं, इंग्रजांचा राजा पळून गेला. १९३९ — इंग्रजांची मोठी युद्धनौका त्यांच्याच बंदरात बुडवली गेली, आठशेवर माणसं मेली. १९४० — लंडनच्या बॅलम स्टेशनावर बॉम्ब.

सरांनी दोनदा वाचली.
“यात जिंकल्याचं काहीच नाही?”
“नाही सर.”
“काहीतरी पॉझिटिव्ह बघा ना.”
“१६३३ ला दुसरा जेम्स जन्मला.”
“हं, हे घ्या. मोठा राजा?”
“त्याला पुढे हाकलून दिलं, सर.”

सरांनी ‘टी’ मागवला. एकाच तारखेला इतका मार खाल्लेल्या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं. आपली तारीख कोणती असेल मग?

शेवटी मी धीर करून म्हटलं, “सर, याच तारखेला नागपूरला—” त्यांनी हात वर केला. “तो विषय नको. सेन्सिटिव्ह असतं ते.” आठशे माणसं बुडालेली चालतात!

मी बरं म्हणाले. माझं बरं फार पटकन येतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आठवीची तालीम. तलवारी पुठ्ठ्याच्या, ढाली म्हणजे डब्यांची झाकणं, बाण तुराटीचा. नॉर्मन घोडदळाला घोडे मिळाले नाहीत म्हणून पोरं नुसतीच टापा वाजवत पळतात. हॅरल्डच्या डोळ्यात बाण घुसतो असं सांगतात, तर ते काम कुणाला? एकही मुलगा मरायला तयार होईना. मेघा उठली. नालवाडीची, राखीव जागेवर शिकते, पुस्तक मिळालं की जेवण विसरते. बाण चष्म्याच्या काडीत अडकवून अशी काही पडली की मागच्या बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आबांचा फोन. “उद्या चौदा तारीख. येऊन राह्यली का नागपूरले?”
“शाळेत कार्यक्रम आहे, आबा.”
“कोनाचा?”
“इंग्रजांचा.”
मग म्हणाले, “बरं. जेवून घेजो.”

शनिवार, १४ ऑक्टोबर

सगळं छान झालं. नागपूरहून आलेले टायवाले पाहुणे खूश, धीरज सर त्यांच्याहून खूश. हॅरल्ड झोकात मेला. मग पाहुण्यांनी सहज विचारलं, “आजच्या तारखेचं आणखी काही कुणाला माहीत आहे?”

मेघानं हात वर केला. डोळ्यात अजून बाण. आधी इंग्रजीत वर्ष सांगितलं, मग इंग्रजी संपलं. “१९५६, सर. नागपूरले दीक्षा झाली. माझी आजी गेलती.”

धीरज सर हसले. “बेटा, हा ब्रिटनचा कार्यक्रम आहे.” मग माझ्याकडे वळून, न हसता, “मॅडम, हे तुम्ही शिकवलं?”

“नाही सर,” मी म्हणाले. “मेघा, खाली बस.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बसली.

रविवार, १५ ऑक्टोबर

जेवले नाही. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, नवरात्राचा उपास. मी “हो” म्हणाले.

सोमवार, १६ ऑक्टोबर

प्रार्थना संपली तशी माईकपाशी गेले. म्हणाले, “शनिवारी मेघानं दिलेलं उत्तर बरोबर होतं. मी तिला गप्प बसवलं, ते चूक होतं. त्या दिवशी नागपूरला माझे आजोबाही होते. बाबाराव त्यांचं नाव.” एवढंच.

धीरज सरांनी खोलीत बोलावलं. फार गोड बोलले. “मॅडम, आम्हाला काहीच प्रॉब्लेम नसतो. पण आधी सांगायला पाहिजे होतं.” कायम नेमणुकीचं आता पुढच्या वर्षी बघणार आहेत. स्टाफरूममध्ये सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या होत्या. आणि संध्याकाळपर्यंत अन्नपूर्णाबाईंना एक भाचा आठवला — त्याला खोली हवी आहे.

तरी आज मी स्वतःवर खूश आहे. आरशात दोनदा पाहिलं. शूर बाई!

मंगळवार, १७ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत मेघा आली, रागावल्यासारखी. “काऊन सांगितलं, मॅडम? मले तं जूनपासूनच माहीत होतं. आजीचं माहेर गिरडचं. गेटवर पाह्यल्याबरोबर वळखलं तिनं तुमाले. बाबारावदादाची नात, म्हने. मले शपथ घातली, कोनाले सांगू नको, बाईची नोकरी पक्की होऊ दे.”

शनिवारी ती माझ्या धाकानं खाली बसली नव्हती.