आत माणूस असल्यास

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक (लिफ्ट विभाग),
विद्युत निरीक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : बंद पडलेल्या लिफ्टमधील व्यक्तीस, बंद पडण्याचे कारण ठरण्यापूर्वी बाहेर काढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमच्या इमारतीस आलेला आपला आदेश.
२) माझ्या सासूबाईंना मिळालेली संयुक्त नोटीस.

महोदय,

१. मी सातव्या मजल्यावर पती, सासूबाई आणि पाच महिन्यांच्या मुलीसह राहते. मुलगी तुकड्यातुकड्यांनी झोपते, त्यामुळे हा अर्जही तुकड्यातुकड्यांनी लिहिला आहे. कुठे सांधा निसटला असल्यास क्षमा असावी.

२. आमच्या छपरावर सौर पॅनेल बसल्यापासून इमारतीत उन्हवाले (पॅनेलची बाजू घेणारे) आणि तारवाले (जुन्या तारांची बाजू घेणारे) असे दोन तट आहेत. सोसायटीचे अध्यक्ष उन्हवाले आणि सचिव तारवाले असून दोघेही आपापल्या राजकीय पक्षाचे काम करतात. आमच्या घरात पती उन्हवाले व सासूबाई तारवाल्या आहेत. जेवताना मी मध्ये बसते, म्हणून निदान भांडी तरी इकडून तिकडे पोचतात.

३. दुपारी घरे रिकामी असतात, ऊन भरपूर असते, गल्लीतल्या सगळ्या छपरांची वीज तारांत शिरते, व्होल्टेज चढते आणि लिफ्ट थांबते. संध्याकाळी ऊन जाते, घरोघरी सगळे एकदम चालू होते, व्होल्टेज पडते आणि लिफ्ट पुन्हा थांबते. अध्यक्ष म्हणतात, "तारा आजोबांच्या वेळच्या, त्यात छपराचा काय गुन्हा?" सचिव म्हणतात, "तुमचं उतू गेलेलं पुसत बसायला तारा म्हणजे काय फडकं आहे का?" दोघांनीही आपल्याकडे तक्रार केली. त्यावर आपण आदेश दिलात की, लिफ्ट बंद पडल्यास दोन्ही बाजूंनी एकत्र पाहणी करून कारण नोंदवेपर्यंत ती आहे त्या स्थितीत ठेवावी. हा आदेश लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर लिफ्ट रिकामी असावी, असे मला मनापासून वाटते.

४. लिफ्टचे दार बाहेरून उघडणारी त्रिकोणी चावी पूर्वी लिफ्टमनच्या खिशात असे. आदेशानंतर ती तळमजल्यावरच्या काचेच्या पेटीत गेली. पेटीला दोन कुलुपे, एक अध्यक्षांचे, एक सचिवांचे.

५. गेल्या आठवड्यात, ऊन कलत असताना, मुलगी झोपली म्हणून तिला सासूबाईंजवळ ठेवून मी तिचे तापाचे औषध आणायला खाली गेले. परतताना लिफ्ट सहाव्या मजल्याच्या हातभर खाली थांबली. लिफ्टमन दाराशी येऊन म्हणाला, "वहिनी, घाबरू नका, हवा येते आत." सचिव मीटर घेऊन आले, मागून अध्यक्षही. तोवर व्होल्टेज पूर्ववत झाले होते, म्हणजे साक्षीदार उरले मी एकटी. सचिवांनी फटीतून विचारले, "वहिनी, थांबताना आतला दिवा मोठा झाला की बारीक? एवढं सांगा, लगेच उघडतो." अध्यक्ष ओरडले, "तिच्या तोंडी शब्द घालू नका!" मी मोठा म्हटले असते तर अध्यक्षांनी आपले कुलूप उघडले नसते, बारीक म्हटले असते तर सचिवांनी. खरे सांगायचे तर मी त्या वेळी बाटलीवर किती थेंब द्यायचे ते वाचत होते. तसे सांगितले, तर दोघांनी मिळून "नीट आठवा" म्हटले. आणि मला वरून मुलीचे रडणे ऐकू येऊ लागले.

६. हे अर्जात लिहावे की नाही, कळत नाही. पण ती झोपलेली असते तेव्हा दूध दाटून येते, अंगावरचे कपडे भिजतात. आणि ती किरकिर करते तेव्हा नेमके पुरत नाही. म्हणून मी दुपारचे काढून संध्याकाळसाठी ठेवते. विजेचे दुखणे मला एवढ्यावरूनच समजले. उतू जाणारेही खरे आणि कमी पडणारेही खरे. मधे साठवणारे काहीतरी लागते, आणि भांडण मिटेपर्यंत पोराला रडत ठेवता येत नाही.

७. सासूबाई मुलीला खांद्यावर घेऊन, काठी टेकत जिना उतरून सहाव्यावर आल्या. त्यांनी क्षणभर दोघांचे ऐकले. मग "हे धरा," म्हणून मुलगी अध्यक्षांच्या हातात दिली आणि सचिवांना म्हणाल्या, "बघत काय बसलात? तुम्ही मान सांभाळा." दोन्ही बाजूंनी एकत्र केलेले आमच्या इमारतीतले हे पहिले काम. दोघांचे हात गुंतलेले असताना सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी तळमजल्यापर्यंत गेल्या, काठीने काच फोडली, चावी घेऊन पुन्हा वर आल्या. लिफ्टमनने मला ओढून बाहेर काढले. मी तिथेच पायरीवर बसून मुलीला पाजले. सगळे पाठमोरे उभे राहिले.

८. दुसऱ्या दिवशी नोटीस आली. अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सह्या मी एका कागदावर प्रथमच पाहिल्या. पेटी फोडून पुरावा नष्ट केल्याबद्दल सासूबाईंनी चावी परत करावी व कारण लेखी द्यावे : (अ) छपरावरील वीज, (ब) जुन्या तारा. तोपर्यंत आमच्या घराला लिफ्ट बंद. सासूबाईंनी खाली लिहिले, "(क) पोर भुकेलं होतं." असा पर्याय नाही म्हणून कागद परत आला. सासूबाई तारवाल्या, 'अ'वर खूण केली असती तर त्यांचाच पक्ष जिंकला असता. पतींनीही हात जोडून सांगितले, "आई, कर खूण 'अ'वर, मी हरलो." त्या म्हणाल्या, "खूणच करायची होती तर काच कशाला फोडली असती?" त्यांचे गुडघे सुजले आहेत. आठवडा झाला, त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. मुलीला छातीशी धरून मी सात मजले चढउतार करते.

९. तरी कोण बरोबर, हे आपण ठरवावे अशी माझी मागणी नाही. ते ठरेपर्यंत मुलगी शाळेत जाईल. नोटीस रद्द व्हावी आणि आपल्या आदेशात एकच ओळ वाढवावी : "आत माणूस असल्यास आधी त्यास बाहेर काढावे." चौथ्या मजल्यावरच्या सुनेला आठवा महिना आहे. ती अजून लिफ्टनेच जाते.

मुलगी जागी झाली, म्हणून इथेच थांबते.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,
(सही)
सातवा मजला, जिन्यालगतचे दार

दिनांक : सुरुवात सोमवारी, शेवट गुरुवारी

सोबत :
१) आपल्या आदेशाची प्रत.
२) संयुक्त नोटीस, 'क'सह.
३) त्रिकोणी चावी जोडलेली नाही. ती सासूबाईंच्या उशीखाली आहे आणि आपली ओळ येईपर्यंत तिथेच राहील, असे कळवण्यास त्यांनी सांगितले आहे. रात्री-अपरात्री कोणी अडकल्यास आमची बेल वाजवावी.