एकशे अडुसष्ट तास आणि साअदातचा वाडगा

दाजी,

आधी प्रभूच्या नावाने आणि मग तुमच्या वयाला मान देऊन, दोन्हीकडून तुम्हाला नमस्कार. उजवा गुडघा कसा आहे? डावा? आक्काचं डोकं दुखायचं थांबलं का? काळी गाय व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा ते कळवा, आणि विकायची विकायची म्हणत होता ती लंगडी घोडी अजून तुमचंच गवत खात उभी असेल तर तिलाही माझा नमस्कार सांगा. नारिनला बर्फ पडायला लागला असेल. छपरावर चढू नका. (मागच्या वर्षी चढलात तेव्हा तुम्हाला उतरवायला तीन शेजारी आणि एक दोर लागला होता, हे आक्काने मला सांगितलेलं नाही असं समजा.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. मेलिसचा खोकला गेला, पण खोकला जाईपर्यंत काही काम करायचं नाही ही सवय राहिली.

आता चष्मा लावा, आक्कालाही बोलवा आणि दोघं नीट टेकून बसा. आमची साखळी तुटली नाही! सात दिवस, एकशे अडुसष्ट तास, एक मिनिटसुद्धा खोली प्रार्थनेवाचून राहिली नाही. ऑगस्टमध्ये तलावाकाठच्या मेळाव्यात, साठ माणसांसमोर, तुम्ही काय म्हणाला होता ते मी विसरलेली नाही. "केमीनच्या लोकांना तासभर चहा मिळाला नाही तर ते देवालासुद्धा थांब म्हणतात. यांची साखळी सात दिवस टिकली तर पुढच्या मेळाव्यातली सगळी भांडी मी एकटा घासेन." सगळे हसले होते. मीही हसले होते, पण त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलं नव्हतं. तुमच्या नारिनची साखळी दुसऱ्याच दिवशी तुटली, कारण एक जण प्रार्थना करता करता घोरायला लागला होता. (मी नाव घेत नाही. त्याचा उजवा गुडघा दुखतो.)

आमच्या प्रार्थनाघरातली शेगडी फुटली आहे, म्हणून पाळक एरमेकनी साखळी आमच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात बसवायची ठरवली. तिथली शेगडी पेटते, पण धूर आत सोडते. तेव्हा खिडकी सताड उघडी ठेवावी लागते आणि मग शेगडी असून नसल्यासारखी. शेवटी मी माझ्या सासऱ्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, आणि त्यावरूनच नियम ठरला. जो बसला आहे त्याच्या अंगावर कोट. पुढचा आला की याने काढायचा, त्याने चढवायचा. कोट अंगावरून अंगावर जायचा, खुंटीला लागायचा नाही. खुंटीला लागला की साखळी तुटली. आत फोन न्यायचा नाही, हा दुसरा नियम. माणसं आम्ही सारी तेवीस. रात्रीचे तास म्हाताऱ्यांनी मागून घेतले, नाहीतरी त्यांना झोप येत नाही. वही माझ्याकडे होती आणि मी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते. तिसऱ्या दिवशी कोटाला असा वास यायला लागला की पुढचा माणूस फाटकात आला की आतल्याला आधी कळायचं, कारण पुढचा माणूस आधी एक मोठा श्वास घेऊन ठेवायचा.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण एरमेकना वाटलं, नुसतं खोलीत बसून काय उपयोग, गल्लीत निघालं पाहिजे. रोज चौघांनी वाडग्यातून तळलेल्या कणकेचे गरम बोरसोक घेऊन घरोघर जायचं आणि एवढंच विचारायचं, "तुमच्यासाठी देवाकडे काय मागू?" उपदेश नाही, पुस्तकं नाही. आमच्या कालव्याच्या गल्लीत तेरा घरं. मी म्हटलं, बारा घरांत जाऊ. तेरावं साअदातचं, तिथे मी जायची नाही.

आक्काला साअदात ठाऊक आहे. आमची भिंत एक, शाळेतला बाक एक, लग्नंही एकाच शरद ऋतूत झाली. नऊ वर्षांपूर्वी माझा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मी आनंदाच्या भरात आईच्या बारा वाडग्यांपैकी एक (सहा माझ्याकडे आले, सहा आक्काकडे, तेच ते, निळा काठ आणि तळाशी तीन सफरचंदं) पुलावाने गच्च भरून भिंतीवरून तिच्या हातात दिला. तो वाडगा परत आला नाही. आता तुम्ही पुरुषमाणसं म्हणाल, वाडगाच तर होता. पण शेजारणीचा वाडगा आपल्याकडे रिकामा परत जात नाही, आणि भरून जायला दोन दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत. माझा आलाच नाही याचा अर्थ एकच. मी मेले तिला. नऊ वर्षं ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती आणि मी अलीकडे, आणि दोघींनाही भिंत दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. मी रडले नाही असं म्हणणार नाही. पुष्कळ रडले.

तर सोमवारी आमचे चौघे चार वाडगे घेऊन निघाले. आता तुम्ही सांगा दाजी, आपल्याकडे कुणाच्या दारात जाऊन पाव चाखल्याशिवाय मागे फिरता येतं का? पाव चाखला की चहा. चहा आला की जर्दाळू. एका घराला दीड तास लागला. आणि वाडगे परत आले ते काठोकाठ भरून. एकीने लोणी दिलं, एकीने मुरंबा. तिसरीने बोरसोकच दिले, आणि ते आमच्यापेक्षा चांगले होते. मंगळवारी आम्ही सहा वाडगे वाटले आणि सहा भरलेले परत आले. बुधवारी माझ्या फळीवर जागा उरली नाही. गरजूंना द्यायला निघालेली मंडळी आणि आठवडाभरात तीन किलो वजन वाढलेली मंडळी तीच. पण लोकांनी मागितलं मात्र मनापासून. वरच्या घरातल्या विधवेला कोळसा ओढून आणायला माणूस नव्हता. तिच्यासाठी प्रार्थना करायला एरमेक बसणारच होते, तेवढ्यात मेलिस म्हणाला, "आधी कोळसा आणू, मग बसा." (माझा नवरा वर्षातून एकदा शहाणं बोलतो. या वर्षीचं ते झालं.) एका म्हाताऱ्याचं गाढव हरवलं होतं. दोन दिवस आम्ही त्याच्यासाठी कळवळून विनंती केली आणि ते आमच्याच गोठ्यात सफरचंदं खाताना सापडलं. गल्लीत याचा फार बोलबाला झाला. ते तिथे कसं आलं याच्या खोलात आम्ही गेलो नाही.

गुरुवार उजाडला. माझा तास सकाळी दहाचा. मी कणीक भिजवून, टोपात झाकून, चार वाडगे चहा पिऊन (हे चार वाडगे लक्षात ठेवा) कोट चढवला आणि बसले. अकराला राखातने यायचं होतं. अकरा वाजले, राखात नाही. बारा वाजले, बाराचाही माणूस नाही. पलीकडे घरात माझा फोन वाजून वाजून दमला. मला काय ठाऊक, की आमचे चौघे, त्यांना बोलवायला गेलेला मेलिस, त्याला शोधायला गेलेली राखात आणि या सगळ्यांना ओरडायला गेलेले एरमेक, सगळेच्या सगळे सातव्या घरात अडकले आहेत! त्या घरच्या मुलीच्या कानात होणाऱ्या सासूने त्याच सकाळी कुड्या घालून सोयरीक पक्की केली होती आणि मेंढी कापली होती. मेंढी कापलेल्या घरातून मांस खाल्ल्याशिवाय उठलं तर ते घर सात पिढ्या विसरत नाही. आणि मांस शिजायचं होतं.

मी प्रार्थना करत होते, दाजी. पहिल्या तासात मंडळी, गल्ली, आजारी, विधवा, गाढव. दुसऱ्या तासात सगळे नातेवाईक, वयाच्या क्रमाने. तुमच्या दोन्ही गुडघ्यांसाठी वेगवेगळी प्रार्थना केली. तुमच्या घोडीसाठी केली. तुमच्या स्वभावासाठी केली, तिला वेळ लागला. तिसऱ्या तासात माझ्याकडे काही उरलं नाही. चार वाडगे चहा आपलं काम करत होता, कणीक टोपाबाहेर आली असणार हे मला बसल्या जागी दिसत होतं, आणि कोट काढून खुंटीला लावला असता तर कोणी बघायला नव्हतं. पण तुमचा तो हसरा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी पाय आणखी घट्ट आवळले. आणि मग दुसरं कोणी उरलंच नाही म्हणून मी साअदातचं नाव घेतलं. मोठ्याने घेतलं, कारण हळू बोलले असते तर लक्ष दुसरीकडे गेलं असतं. प्रभू, म्हटलं, तिच्या कंबरेची कळ थांबव. तिच्या सुनेला जरा अक्कल दे, पुलावातलं गाजर ती लाकडासारखं जाड चिरते, वास आला तरी कळतं. आणि वाडगा मला नको. वाडगा राहू दे तिच्याकडे. मला ती हवी आहे. नऊ वर्षं झाली, मला माझी साअदात परत दे.

खिडकी उघडी होती हे मी सांगितलंच आहे.

फाटक वाजलं आणि नऊ वर्षांनी साअदात माझ्या अंगणातून तरातरा चालत आली आणि दारात उभी राहिली. हातात रुमालाने झाकलेलं काहीतरी.

"गाजर जाड असतं असं देवाला कोण सांगत होतं?"

"मी," मी म्हटलं.

"सून नाही चिरत. मी चिरते. पुढच्या वेळी चुगली करशील तर नीट चौकशी करून कर." मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि अशी पिळवटून का बसलीस गं?"

मी सांगितलं. कोट, खुंटी, दाजी, चहाचे चार वाडगे, सगळं. ती म्हणाली, "अगं मग जा ना! आण तो कोट इकडे."

"साअदात, तू आमच्यातली नाहीस."

"मी कुठे म्हणते आहे? पण दिवसातून पाच वेळा त्याच्याशी बोलते मी. आवाज ओळखतो तो माझा. ऊठ, म्हातारपणी फजिती करून घेऊ नकोस!"

दाजी, मी उठले. त्या वेळी मी धर्मशास्त्राचा विचार केला नाही, हे कबूल करते. आधी जिथे जायचं तिथे गेले, मग जमिनीवर आलेली कणीक गोळा केली आणि परत आले तर आतून बोलणं ऐकू येत होतं. कोट तिला गुडघ्यांपर्यंत आला होता आणि ती डोळे मिटून, दोन्ही तळवे उघडून देवाला सांगत होती: "पहिलं वर्ष मी रागावले होते, ती आमच्यातून गेली म्हणून. दुसऱ्या वर्षी राग गेला. वाडगा जर्दाळूंनी भरला आणि निघाले, तर माझ्याच फाटकात बर्फावरून पाय घसरला आणि तो फुटला. मग मी तोकमोकच्या बाजारात शोधला, बिश्केकला शोधला, आठ वर्षं शोधते आहे, ती तीन सफरचंदं कुठे मिळत नाहीत. रिकाम्या हातांनी कशी जाऊ? ही बाई फार तोंडाळ आहे, तुला माहीत आहेच. पण हिच्यावाचून भिंतीवरून बोलायला कोणी नाही मला."

मी दारातच बसले आणि हमसून हमसून रडले. रुमालाखाली तिचा स्वतःचा चांगला वाडगा होता, जर्दाळूंनी भरलेला.

दोन वाजता आमची मंडळी मेंढीच्या चरबीचे हात पुसत, तोंडं लपवत आली. मग वाद. राखात म्हणाली, हा वेळ धरता येणार नाही. मेलिस म्हणाला, ज्यांनी मेंढी खाल्ली त्यांनी बोलू नये (तो स्वतः सगळ्यात जास्त खाऊन आला होता). एरमेकनी वही हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, "कोट खुंटीला लागला का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पेन काढलं आणि गुरुवार, दुपारी एकच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: साअदात, तेरावं घर. 

रविवारी दहाला साखळी पुरी झाली तेव्हा अंगणात तेराही घरं होती. प्रत्येक घरातून काही ना काही आलं होतं. गाढवाचा मालक गाढव घेऊनच आला. साअदातने पुलाव केला, गाजर काडीसारखं बारीक, आणि वाढताना प्रत्येकाला दाखवत होती. दाजी, मी गर्व करत नाही. पण पुढच्या मेळाव्याला आमच्या गल्लीची माणसं नुसती बघायला येणार आहेत, तेव्हा ताटं साठ नसतील, शंभर असतील. बाह्या आत्तापासून दुमडून ठेवा.

तुमची विजयी मेहुणी,
बुरुलाय

ता. क. खोटं मला बोलवत नाही, म्हणून सांगते. कोट देताघेताना माझा डावा हात अडकला. तिने तिचा उजवा घातला होता. बराच वेळ एकच कोट आम्हा दोघींच्या अंगावर होता आणि दोघीही ओढत नव्हतो. तेवढा वेळ कोणाच्या नावावर लिहायचा ते मी ठरवलेलं नाही.

ता. क. दुसरा. आता आक्काला चहा टाकायला पाठवा. गेली? दार लोटा. माझ्याकडचे उरलेले पाच या नऊ वर्षांत एकेक करून फुटले, तेव्हा आक्काकडच्या आईच्या सहा वाडग्यांपैकी एक मला हवा आहे. मागितला तर ती देणार नाही, दर महिन्याला मोजते. कपाटात मागे जो उपडा असतो तो काढा, लोकरीत गुंडाळा आणि शनिवारच्या गाडीवाल्याकडे द्या. बोभाटा झाला तर सगळं घोडीवर ढकला. वाडगा पोचला की भांडी घासण्याचं मी माफ करीन, तसं लिहून देते.

कशाला हवा, तेही सांगते. साअदातचा वाडगा मी शुक्रवारीच भरून परत केला. म्हणजे फिटंफाट झाली, आता तिचं माझ्याकडे काही नाही, माझं तिच्याकडे काही नाही, आणि हे मला मुळीच आवडलेलं नाही. आठ वर्षं ती जो शोधत होती तो भिंतीवरून तिच्या हातात द्यायचा आहे. मग तो तिला परत करावाच लागेल.

एवढा एकदाच वाडगा रिकामा पाठवलात तरी चालेल. भरायचं मी बघते.