भावजींचा अंगठा

१० ऑगस्ट १९९९, मंगळवार, दिवेलागण

भाजी चिरायची तशीच पडली आहे, पण आधी हे लिहिते. आज शाळेतून परत येताना आमची व्हॅन आपणहून पळाली. संजूभावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी वेग वाढतच गेला. पुढे एस.टी. होती. आमच्या मागच्या सीटांवर अकरा पोरं टाळ्या पिटतायत, काकांनी शर्यत लावली म्हणून.

भावजी गाडीला लक्ष्मी मानतात, चपला काढून चालवतात. त्यांनी अनवाणी पायाचा अंगठा पेडलखाली घातला आणि पेडल वर ओढलं. वेग उतरला. किती सवयीनं केलं ते. म्हणजे आजची ही पहिली वेळ नव्हे.

"केबल अडकतीया कधीमधी," ते म्हणाले. "दोनदा बदलली, तरी त्येच. दादाला बोलू नका, वैनी."

ह्यांना सांगितलं तर उद्यापासून गाडी बंद, आणि भावजींना दुसरं काम कोण देणार? नाही सांगितलं तर? अकरा पोरं, आणि एक अंगठा. तो एकदा चुकला तर?

शेवटच्या पोरीला मंगळवार पेठेत उतरवलं. ती माझ्याच वर्गातली, माझ्याच शब्दावर तिला या गाडीत घातलं होतं. आई दारातच उभी. "बाई, तुमच्या घरची गाडी हाय म्हणून घोर न्हाय बघा."

मी व्हय म्हणाले. वर सांगूनही आले, उद्या पाच मिनिटं आधी तयार ठेवा.